रिसर्च सर्व्हिसची फी भरावी का? (लाँग टर्मसाठी)

नाशिककर_८८:
मंडळी, ४ लाख डायरेक्ट शेअर्समधे आहेत, सगळे मित्रांचं ऐकून घेतलेले आणि निम्मे लाल (तोट्यात). ब्रोकरच्या रिपोर्टवर भरवसा नाही, आपण घेतलं काय नि विकलं काय त्याचं ब्रोकरेज पक्कं, म्हणून ब्रोकिंगशी संबंध नसलेली रिसर्च सर्व्हिस (फी घेऊन कोणते शेअर्स घ्यायचे ते रिपोर्टसकट सांगणारी) घ्यावी म्हणतोय. वर्षाला १२ हजार. १०-१५ वर्षं ठेवायचंय. कोणी घेतलीय का?

ताळेबंद:
१२ हजार म्हणजे ४ लाखाचे ३ टक्के झाले की राव! इंडेक्स फंडापेक्षा (निफ्टीसारखा निर्देशांक जसाच्या तसा धरणारा फंड) दरवर्षी तेवढं जास्त कमावलं तर कुठे बरोबरी. ४० लाख असते तर तीच फी ०.३ टक्के, मग विचार केला असता.

जुना_खेळाडू:
मी ३ वर्षं घेतली होती. रिपोर्ट खरंच चांगले, प्रमोटरचे (कंपनी चालवणाऱ्या मालकांचे) शेअर्स गहाण किती, नफा दिसतोय पण कॅश येतेय का, हे बघायला तिथेच शिकलो. पण गंमत अशी की त्यांच्या यादीत २०-२२ शेअर्स, मी त्यातले आवडले ते ५ घेतले, आणि त्यांचा रिटर्न आला तो मी न घेतलेल्या दोघांमुळे 😅 शिवाय स्मॉलकॅपचा (छोट्या कंपनीचा) 'विकत घ्या' असा मेल आला की सगळे एकदम तुटून पडतात, आपल्याला मिळेपर्यंत भाव वर. आणि रिन्यू केलं नाही की ते शेअर्स पोरके, विकायचं कधी ते कोण सांगणार?

सावधपंत:
आधी सेबीचा (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी नंबर बघा. रिसर्च अॅनालिस्टचा (म्हणजे अशी सर्व्हिस देणाऱ्याचा) आयएनएच ने सुरू होतो, सल्लागाराचा आयएनए ने. सेबीच्या साइटवर नावासकट जुळवा, पीडीएफवर छापलेला नंबर कोणाचाही असू शकतो. दुसरं, अॅनालिस्ट सगळ्यांना एकच शेअर सांगतो, तुमचं कर्ज, पोरांची फी, इमर्जन्सी फंड त्याला माहीत नसतं, ते काम सल्लागाराचं. आणि रिटर्नची गॅरंटी देणारा दिसला की तिथूनच रामराम, सेबीला ते चालत नाही.

नाशिककर_८८:
नंबर जुळला. पण ३ टक्क्याचा हिशोब डोक्यातून जाईना. सध्या आहेत त्या ७ कंपन्यांचे अॅन्युअल रिपोर्ट बीएसईच्या साइटवरून फुकट काढलेत, एक उघडला तर २८० पानं 🙏 सुरुवात कुठून करू?

जुना_खेळाडू:
ऑडिटरचा रिपोर्ट, मग कॅश फ्लो (पैसा खरंच किती आला-गेला त्याचा तक्ता). चेअरमनचं पत्र शेवटी, तेही चहा घेताना.