दाराच्या आधी पत्रा आणि अंगण पाहा

जुन्या घराला लागून काढलेल्या खोलीचं दार अंगणाच्याच पातळीला आहे, पाणी आत येतं आणि चौकट खालून फुगली, असं तुम्ही लिहिलंय. उंबरठा उंच करा, हा इथे आधी कुणीतरी दिलेला सल्ला योग्यच आहे, पण आपल्या काळ्या मातीत तेवढ्यानं भागत नाही. ही माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते, पावसात फुगते. भिंतीलगतच्या भेगांतून पाणी थेट पायव्यापर्यंत जातं. नवी खोली जुन्या घरापेक्षा वेगळी हलते, म्हणून दोन्हींच्या सांध्यात सिमेंट भरलं की ते पुन्हा तडकतं. तिथे लवचिक सीलंटच (रबरासारखं ताणलं जाणारं सांधा भरायचं मिश्रण) भरा.

दारासमोर आणि भिंतीलगत अडीच-तीन फूट रुंद पट्टी करा. खाली मुरूम नीट ठोका, वर काँक्रीट, उतार बाहेरच्या बाजूला, फुटाला पाव इंच. पट्टीच्या कडेला जाळीची नाली. चौकटीचा सडलेला भाग कापून खाली ग्रॅनाइटचा तुकडा बसवा. लाकूड फरशीला टेकलं की पाणी ओढतं आणि वाळवीही लागते.

आणि कृपा करून दरवर्षी अंगणात मुरूम टाकू नका. गावोगावी सिमेंट रस्ते उंच झाले, त्यांच्या बरोबरीला येण्यासाठी अंगणं चढली आणि घरं खड्ड्यात गेली. दारासमोर भर घालण्यापेक्षा थोडं खणून काढा.

तुमच्या टिनाच्या छपराला पन्हाळ आहे का? नसेल तर सगळं पाणी दारातच पडतंय, आधी ती लावा.