गल्लीच्या तोंडाला, नदीकाठाला, माळावर: सगळ्यांनी मिळून केलेल्या बागांचे अनुभव, कोल्हापूर आणि आसपास

गेल्या आठवड्यात ताराबाई पार्कातल्या एका मावशींनी विचारलं, आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत काहीतरी फुलवायचंय, सुरुवात कुठनं करू? मी बोलायला लागले ती तासभर बोलतच राहिले, मग वाटलं हे मी एकटीनं सांगण्यापेक्षा ज्यांनी ज्यांनी केलंय त्या सगळ्यांनीच लिहावं. काय लावलं, काय जगलं, काय गेलं, उन्हाळ्यात पाणी कुठनं आणलं, कोण भांडलं, कोण मदतीला आलं. फोटो नसले तरी चालतील, तपशील मात्र द्या. पहिली मी लिहिते.

मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाला पूर्वी कोंडाळा होता. घंटागाडी दारात यायला लागल्यावर कोंडाळा हलवला, लोकांची सवय मात्र तशीच. रात्री येता-जाता पिशव्या पडायच्या, कुत्री फाडायची, पावसाळ्यात तर तिथनं नाक धरून जावं लागायचं. कुणीतरी सुचवलं देवाच्या चित्राच्या फरश्या बसवू, मग कोण टाकायचं नाही. आमच्या शेजारच्या आजींनी त्याला ठाम नकार दिला. म्हणाल्या, देवाला कचऱ्याची राखण करायला बसवायचं न्हाई, आपण बसू. आणि खरंच बसायला लागल्या, रोज सकाळी साडेसहाला खुर्ची टाकून. आमची बाग तिथनं सुरू झाली असं मी मानते, तेव्हा झाड एकही नव्हतं.

जागा साधारण 12 बाय 30 फूट. खणलं तर आत नुसता राडारोडा, विटांचे तुकडे, प्लास्टिक, तुटक्या चपला. दोन फूट खोल सगळं काढून टाकायला पाच रविवार गेले, आणि तालमीतली पोरं आली म्हणूनच ते झालं. नदीकाठच्या एका शेतकऱ्यानं एक ट्रॉली मळीची माती दिली, फक्त डिझेलचे पैसे घेतले. गंगावेशीकडच्या एका गोठ्यातनं म्हशीचं शेणखत आणलं, वर्षभर कुजलेलं, हातात घेतलं तर मातीसारखा वास येणारं. ताजं शेण घालू नका हो, उष्ण पडतं, मुळं जळतात आणि वर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते ती वेगळीच. लावलं काय तर जास्वंद, तगर, कोरांटी, सदाफुली, गुलबक्षी, कडेनं कर्दळ आणि कोपऱ्यात एक पारिजातक. फांद्या, बिया, कंद सगळे घरोघरचेच, नर्सरीतनं फक्त पारिजातक आणला.

फुलं लागली तसं नवं भांडण लागलं. पहाटे कोणतरी येऊन सगळी फुलं खुडून न्यायचं, देवपूजेलाच न्यायचं पण कळ्यांसकट. दोन महिने कुरबुर चालली. शेवटी पाटी लावली: देवाला पाच फुलं घ्या, कळ्या ठेवा, जाताना एक तांब्या पाणी घाला. खाली पाण्यानं भरलेलं एक पिंप आणि साखळीला तांब्या. आता फुलं नेणारेच पाणी घालतात, त्यातले एक काका तर स्वतःहून गुलाबाची दोन कलमं घेऊन आले. कचरा टाकणं पूर्ण थांबायला मात्र दीड वर्ष गेलं, त्याच्या आधी थांबेल अशी आशा धरू नका.

—

शुक्रवार पेठेतनं लिहितोय.

आमची बाग पंचगंगेच्या जवळ, त्यामुळं आमचं सगळं पाण्याच्या फुटावर चालतं. नदीची पातळी राजाराम बंधाऱ्याला मोजतात, तिथं 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही घरंच सोडली होती, बागेचा विचार कोण करतोय. परत आलो तर सगळीकडं राखाडी गाळ. शेवगा गेला, लिंबू गेलं, गुलाब गेले, पपया तर उभ्या जागी कुजलेल्या. पपईला दोन दिवस जरी मुळाशी पाणी साचलं तरी ती जात्येच. करंज, जांभूळ, अर्जुन आणि नारळ उभे होते. कर्दळीची पानं सडून गेलेली, आम्ही ती पण गेली असंच धरलं होतं, पण तीन आठवड्यांनी गाळातनं पोपटी कोंब वर आले. घरात भिंती ओल्या, गाद्या फेकलेल्या, धान्य गेलेलं, आणि माझी आई त्या कोंबांसमोर उभी राहून रडली. तेव्हापासनं कर्दळ आमच्या बागेत कायमची.

नदीकाठच्या लोकांसाठी सांगतो. पुराचा गाळ सुपीक असतो हे खरं, पण तो वाळला की फरशीसारखा बसतो, मुळांना हवाच मिळत नाही. पाणी उतरल्यावर पहिल्या आठवड्यात बुंध्याभोवतीचा थर कुदळीनं मोकळा करा, पानांवरचा गाळ धुऊन टाका. आणि शहरातनं आलेल्या पाण्यात गटाराचं, तेलाचं सगळंच मिसळलेलं असतं, म्हणून त्या वर्षी त्या मातीत मेथी-पालक घेऊ नका. आता आम्ही 39 फुटाची बातमी आली की कुंड्या गच्चीवर चढवतो, घरटी दोन माणसं लागतात, तासाभराचं काम. जुलै 2021 ला पाणी 2019 पेक्षाही वर गेलं पण बागेचं नुकसान आधीपेक्षा निम्म्याहून कमी झालं.

—

वरचं वाचून अंगावर काटा आला. मी कळंबा रोडला राहतो, माझा छोटा हत्ती आहे, दिवसभर भाडी मारतो. आमच्या रस्त्याकडेला 34 झाडं लावलीत, त्यांच्या पाण्याचं काम माझ्याकडं. आठवड्यातनं दोनदा सकाळी सहाला गाडीत 500 लिटरची टाकी भरायची आणि निघायचं, झाडाला एक बादली, म्हणजे 15 लिटर धरा. पहिल्या उन्हाळ्यात रोज थोडं थोडं घालत होतो तेव्हा माती वरनं ओली दिसायची आणि झाडं सुकायची, कारण मुळं पाण्यासाठी वरवरच राहतात. आठवड्यातनं दोनदाच पण भरपूर घातल्यावर मुळं खाली गेली. आणि बुंध्याभोवती उसाचं पाचट पसरा, चांगलं चार बोटं जाड. आपल्याकडं पाचटाला काय तोटा, लोक शेतात जाळून टाकतात. मार्च-एप्रिलला हात घालून बघा, पाचटाखाली माती गार आणि ओली असते. फक्त खोडाला चिकटवू नका, वितभर लांब ठेवा, नाहीतर वाळवी लागते.

वळीव पडला की त्या आठवड्याला सुट्टी. तो पहिला वास येतो ना, तेव्हा मी गाडी थांबवून झाडांकडंच बघत बसतो.

—

राजारामपुरी. मी निवृत्त शिक्षक, वनस्पतिशास्त्र शिकवत होतो, म्हणून झाडांच्या निवडीबद्दल थोडं.

गुलमोहर लावायचा मोह सगळ्यांना होतो. तो मूळचा मादागास्करचा, दिसतो सुंदर, पण मुळं उथळ आणि फांद्या ठिसूळ, पावसाळ्यात रस्त्यावर आडवा होणाऱ्या झाडांत तो हमखास असतो. रंगच हवा असेल तर बहावा लावा, एप्रिल-मे मध्ये पिवळ्या झुंबरांनी भरतो. ताम्हण लावा, आपल्या राज्याचं फूल आहे, जांभळं, आणि ते लहान रस्त्यालाही चालतं. विजेच्या तारांखाली वड-पिंपळ लावून दहा वर्षांनी त्यांचा शेंडा छाटत बसणं हे मला अतिशय वाईट वाटतं, तिथं पारिजातक, कुंती असं काहीतरी लावा. रोप निवडण्याआधी टाऊन हॉलच्या बागेत एक चक्कर मारा. आज हातात मावणारं रोप पूर्ण वाढल्यावर केवढी जागा मागतं ते तिथल्या जुन्या झाडांखाली उभं राहिल्यावर समजतं.

दोन गोष्टी कळकळीनं सांगतो. पेव्हिंग ब्लॉक बसवताना बुंध्याभोवती निदान एक मीटर माती उघडी ठेवायला लावा, कामगार ऐकतात, आपण तिथं उभं राहायला पाहिजे. आणि लोखंडी ट्री गार्ड तीन-चार वर्षांनी काढायचा असतो. खोडात रुतलेला गार्ड मी कितीतरी ठिकाणी बघितलाय, झाड जगवण्यासाठी लावलेल्या पिंजऱ्यानंच ते आवळलं जातं. आणखी एक, आपण स्वतः लावलेलं झाड असलं तरी शहरात ते तोडायला 1975 च्या कायद्याप्रमाणं वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, म्हणून जागा आधीच विचार करून निवडा.

—

सरांचं बरोबर आहे. आम्ही कॉलेजची सात-आठ पोरं महिन्यातनं एक रविवार झाडांचे खिळे काढतो. क्लासच्या जाहिराती, भाड्यानं खोली, वाढदिवसाचे बोर्ड, सगळं खिळ्यानं ठोकलेलं. पक्कड आणि छोटी कटावणी पुरते, जोर लावून ओढायचं नाही, हळू हलवत काढायचं. एका वडातनं आम्ही 61 खिळे काढलेत, त्यातले काही पार गंजून सालीच्या आत गेलेले, ते तसेच ठेवावे लागले.

—

माझा अनुभव आनंदाचा नाही पण लिहिते.

पाचगावकडच्या माळावर आम्ही एका जुलैत एकाच दिवशी 200 रोपं लावली. शंभरावर माणसं आलेली, वडापाव, भाषण, फोटो, सगळं झालं. पुढच्या महिन्यात बघायला गेलो तेव्हा 20 जण होतो, दिवाळीनंतर पाच. जनावरं चरून गेली त्यात काही गेली, आणि फेब्रुवारीत कुणीतरी वाळलं गवत पेटवलं. गवत जाळलं की पावसात नवीन चांगलं फुटतं असं लोकांना वाटतं. मी संध्याकाळी गेले तेव्हा जमीन गरम होती, रोपांना बांधलेल्या बांबूच्या काठ्या तेवढ्या काळ्या होऊन उभ्या. 200 मधली 11 राहिली. मी वर्षभर तिकडं फिरकले नाही.

परत सुरू केलं ते चौघींनी, फक्त 25 झाडं. माळावर वितभर माती आणि खाली मुरूम, त्यामुळं खड्डे उन्हाळ्यातच दोन बाय दोन बाय दोन फुटांचे काढून ठेवले, तापू दिले, खालनं पोयट्याची माती वाहून नेली. उताराला आडवे चर मारले म्हणजे पावसाचं पाणी तिथंच मुरतं. प्रत्येक झाडाशेजारी एक मडकं गळ्यापर्यंत पुरलं, बुडाला बारीक भोक आणि त्यात सुती वात. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतनं चिरा गेलेली मडकी स्वस्तात मिळाली. मडकं भरलं की आठवडाभर ओल टिकते. आणि दिवाळी झाली की पूर्ण जागेभोवती दहा फूट रुंद पट्टा गवत काढून मोकळा करतो, जाळरेषा म्हणतात त्याला. कळंब्याच्या दादांचं पाचट रस्त्याकडेला ठीक आहे, माळावर मात्र अजिबात नको, पहिलं तेच पेटतं, आम्ही दगडांचं आच्छादन करतो. पंचविसातली 22 आहेत, करंज, पळस, हिवर, कडुलिंब. एका पळसाला यंदा पहिल्यांदा फुलं आली.

धनगरवाड्यातली जी माणसं तिकडं शेरडं-मेंढरं घेऊन येतात त्यांच्याशी आम्ही पहिल्या वेळी बोललोच नव्हतो. दुसऱ्या वेळी आधी त्यांच्याकडं गेलो, चहा प्यालो, कुठली वाट सोडायची ते विचारलं. आता आग दिसली तर पहिला फोन त्यांचा येतो.

—

जयसिंगपूर. आमचं गाव राजर्षी शाहू महाराजांनी 1917 ला वसवलेलं, रस्ते आखीव सरळ, त्यामुळं झाडं ओळीत लावायला सोपं जातं. अडचण मातीची. शिरोळ तालुक्यात ऊस आणि पाणी यानं बरीच जमीन क्षारपड, म्हणजे खारवट झालीय, आमच्या कॉलनीची जागा पण तशीच, उन्हाळ्यात वर पांढरं फुटतं. जांभळ्या बोगनवेलीची हौस होती म्हणून पहिली तीच लावली, ती तरली, नारळ, करंज, कडुलिंब तरले, पण चाफा, मोगरा पानांच्या कडा करपून गेले. मोगरा आता कुंडीतच. माती परीक्षण आधी करून घ्या, पैसे आणि एक अख्खं वर्ष वाचतं.

—

गणपतीतलं निर्माल्य आम्ही बागेतच कुजवतो, कसबा बावडा. हार सोडून दोरा, जरी, थर्माकोल, प्लास्टिकची फुलं वेगळी काढायला सगळ्यात जास्त वेळ जातो, लहान मुलं हे काम फार मन लावून करतात. एक थर फुलं-दुर्वा, एक थर वाळका पाला, वर शेणाचं पातळ पाणी. फळं आणि प्रसादाचं गोड त्यात घालू नका, घाण वास सुटतो आणि मग शेजारी बंद पाडायला लावतात. दर आठवड्याला वरखाली करायचं. दिवाळीनंतर दोन-तीन आठवड्यांत खत तयार होतं, तेच शेवंतीला घालतो. गौरीला वाहिलेली फुलं पुढच्या वर्षी परत गौरीला, असं माझ्या सासूबाई म्हणतात.

—

शाळेच्या कुंपणाला आम्ही मुद्दाम कढीपत्ता, लिंबू आणि रुई ठेवली. पानं खाल्लेली दिसली की आधी औषध मारायचो, आता मुलांना अळ्या दाखवतो. पानफुटीवर आणि रुईवर वेगवेगळी फुलपाखरं अंडी घालतात हे चौथीच्या मुलांना आता माझ्यापेक्षा आधी कळतं. गेल्या सप्टेंबरला लिंबावर नीलवंत आलं, आपलं राज्य फुलपाखरू, तळव्याएवढं मोठं. तास सोडून सगळी शाळा कुंपणाला.

—

परत मंगळवार पेठ. हे सगळं मी काल रात्री आजींना वाचून दाखवलं. माळावरच्या आगीचं ऐकून बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या त्या पोरींना कोरांटीचं बी पाठव, कोरांटीला पाणी कमी लागतं आन् शेरडं तोंड लावत न्हाईत, काटे असतात. तर पाचगावच्या ताई, बी गोळा करून ठेवलंय, कागदाच्या पुडीत, साधारण मूठभर. शुक्रवार पेठेतल्या दादांना कर्दळीचे कंद जास्त झाले असतील तर आम्हाला पाच-सहा द्या, पिवळ्या फुलाचे असले तर उत्तम, आमच्याकडं सगळी लालच आहे. येत्या रविवारी सकाळी सात ते नऊ आम्ही बागेतच असतो, पिंपाशेजारी खुर्ची दिसेल.