बीएस्सी नर्सिंग की जीएनएम? खर्च आणि पुढच्या नोकरीचा हिशेब

माळरान:
पुतणीला बारावी सायन्सला (पीसीबी) ५८ टक्के आहेत, बीएस्सी नर्सिंगची सीईटी दिली आहे. ओबीसी, घरचं उत्पन्न ३ लाखांच्या आत. तालुक्यातलं खासगी जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा) कॉलेज वर्षाला ८० हजार सांगतंय, ‘आत्ता भरा, सीट पक्की’ म्हणतंय. एक एजंट बीएस्सीची मॅनेजमेंट सीट देतो म्हणतोय. एएनएम (आरोग्यसेविकेचा कोर्स) दोनच वर्षांचं, म्हणून तेही डोक्यात आहे. घरच्यांना कर्ज नको. काय करावं?

कोयनाकाठ:
कॅप राउंड (सीईटीवरून होणारी केंद्रीय प्रवेश फेरी) होईपर्यंत कुठेही पैसे भरू नका. सगळा हिशेब तिथेच फिरतो.

राहणं-जेवण वर्षाला ६० हजार धरू. जीएनएम ३ वर्षांचं : (८० + ६०) × ३ = ४ लाख २० हजार. बीएस्सी ४ वर्षांचं, शिक्षण शुल्क १ लाख धरलं तर ६ लाख ४० हजार. जीएनएमवाली एक वर्ष आधी कमवायला लागते. तिचा पगार १८ हजार धरला तर त्या वर्षाचे २ लाख १६ हजार. म्हणजे बीएस्सी ४ लाख ३६ हजारांनी महाग.

आता दुसरी बाजू. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मग बीएस्सीला मुख्यतः राहण्या-जेवणाचे २ लाख ४० हजार उरतात आणि तोच फरक ३६ हजारांवर येतो! पण सवलत कॅपमधून मिळालेल्या जागेलाच. मॅनेजमेंट कोट्यात गेलात की ती गेली. एजंट हे सांगणार नाही.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आजच काढायला टाका. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. महाडीबीटीवर (राज्याचं शिष्यवृत्ती-सवलतींचं संकेतस्थळ) अर्जाचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. दुसऱ्या वर्षी ते विसरल्यामुळे पुष्कळ मुली अडकतात. विकास शुल्क, गणवेश, हॉस्टेल मात्र खिशातून. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसते. तिच्यापेक्षा जास्त मागितले तर पावती मागा. डोनेशन घेणं १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

सिस्टर_इनचार्ज:
एएनएमबद्दल मी स्पष्ट सांगते. सातव्या वेतन आयोगात आरोग्यसेविकेचं मूळ वेतन २५,५००, अधिपरिचारिकेचं (स्टाफ नर्स) ३५,४००. महिन्याला ९,९०० चा फरक, वर्षाला १,१८,८००, आणि महागाई भत्ता त्यावर वेगळा. शिवाय एएनएमनंतर जीएनएम करायचं ठरवलं तर पुन्हा पहिल्या वर्षापासून तीन वर्षं. पीसीबी असलेल्या मुलीनं तिकडे वळू नये.

खासगी रुग्णालयात सुरुवातीला जीएनएम आणि बीएस्सीच्या पगारात फारसा फरक नसतो. फरक पडतो तो दार उघडण्यात. एम्सच्या नॉरसेट या नर्स भरती परीक्षेला (मूळ वेतन ४४,९००) बीएस्सीला अनुभव लागत नाही. जीएनएमला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला २ वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून अनुभवपत्रावर खाटांची संख्या लिहून घ्यावी लागते. नंतर पोस्ट बेसिक बीएस्सी करायचं म्हटलं तर आणखी २ वर्षं.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका, वॉर्ड बघा. कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय कुठे आहे, खाटा किती, त्यातल्या भरलेल्या किती, हे दुपारी अचानक जाऊन मोजा. वॉर्ड रिकामे असतील तर मुलगी सलाईन लावायला, कॅथेटर घालायला शिकणार कशावर? भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद, दोन्हींच्या यादीत नाव हवं. बीएस्सीला नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची संलग्नताही. ‘नर्सिंग असिस्टंट’, ‘पेशंट केअर’ असल्या वर्षभराच्या किंवा घरबसल्या कोर्सवर परिषदेची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही.

नोकरीचा बॉण्ड असेल तर कालावधी आणि दंड लेखी घ्या. मूळ कागदपत्रं ठेवून घेणार असतील तर नको म्हणा.

माळरान:
धन्यवाद ताई. जीएनएमवाल्यांना थांबवतो. पुढे जर्मनीला जायचं झालं तर?

वाटाड्या:
साधारणपणे बी-२ पातळीची जर्मन लागते, तेव्हा तिसऱ्या वर्षापासून भाषा सुरू करावी. पात्रता मान्य करणारं तिथलं कार्यालय तुमचे थिअरी आणि वॉर्डचे तास त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतं. कमी पडले तर परीक्षा किंवा पूरक प्रशिक्षण. म्हणून पदवीनंतर लगेच कॉलेजकडून विषयवार तासांचा ट्रान्सक्रिप्ट काढून घ्या. पाच वर्षांनी तोच मिळवताना दमछाक होते.

दहावीची गुणपत्रिका, परिषदेची नोंदणी, पासपोर्ट, तिन्हींवर नाव एका अक्षरानंही वेगळं नको. आखातात जाताना कागदपत्रांची पडताळणी नेमकी इथेच अडते. आणि परवानाधारक भरती एजंटला ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचा परवाना तपासल्याशिवाय पासपोर्ट हातात देऊ नका.