डच शेजारी आणि ह्यूस्टनमधली पत
डच माणसाचे अमेरिकेत सायकलीवाचूनच सर्वाधिक अडते, हे मत मला अर्धेच पटते. ह्यूस्टनला आलेले आमचे डच शेजारी पदपथ संपला की गवतातून चालत दुकान गाठत, पण त्यांना खरा धक्का बसला तो घर भाड्याने घेताना. नेदरलँड्समध्ये कर्ज नसणे ही जमेची बाजू समजली जाते. इथे मात्र घर देताना भाडेकरूची पत, म्हणजे उधारी वेळेवर फेडण्याचा लौकिक, पाहतात; कधीच उधारी न केलेल्या माणसाची पत मोजायला नोंदच नसते, म्हणून त्यांच्याकडे जादा अनामत मागितली गेली, आणि हे मला फार अन्यायाचे वाटते. साबणावर ४ डॉलर लिहिलेले असले तरी गल्ल्यावर ८.२५ टक्के विक्रीकरासह ४.३३ मोजावे लागतात, याचेही त्यांना नवल वाटे, कारण तिकडे दुकानातल्या किमतीतच कर धरलेला असतो.