राजापूरकर शहाणे आणि सोलापूरकर वाऱ्यावरचे? हे कुणी ठरवलं?

जुनी_मिल
काल एकाने इथे लिहिलं: 'कोकणातल्या राजापूर मतदारसंघाने बॅ. नाथ पै आणि मधू दंडवते यांच्यासारखे समाजवादी खासदार दिल्लीला पाठवले. आपण सोलापूरकर वारं बघून मत टाकत आलो, म्हणून पाच दिवसाआड पाणी पितोय.' खाली ढिगाने हात जोडलेले. मला हे सहन होत नाही. स्वतःच्या गावाला शिव्या घालायच्या असतील तर निदान इतिहास वाचून घाला.

1952 घ्या. सगळीकडे नेहरू आणि बैलजोडी. सोलापुरातून तेव्हा दोन खासदार जायचे. कोण गेले? शेकापचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज. दोघंही काँग्रेसविरोधी. त्याच निवडणुकीत मुंबईने खुद्द बाबासाहेबांना पाडलं आणि सोलापूरने त्यांच्या पक्षाचा माणूस निवडून दिला. कोकणात तेव्हा काय झालं? रत्नागिरी उत्तरेतून जगन्नाथराव भोसले गेले. आझाद हिंद सेनेतला मोठा माणूस, त्यांचा मान आहेच, पण तिकीट काँग्रेसचंच.

नाथ पै पहिल्यांदा आले 1957 ला. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या वाऱ्यात इकडच्या पट्ट्यात काँग्रेसचे भलेभले उडाले. ती लाट नव्हती का?

आणि 1991 नंतरचा राजापूर बघा. काँग्रेसचे सुधीर सावंत, मग शिवसेनेचे सुरेश प्रभू सलग चारदा. 2009 ला मतदारसंघाचं नाव रत्नागिरी-सिंधुदुर्ग झालं आणि काँग्रेसची हवा होती म्हणून निलेश राणे. 2014 ला मोदींची हवा, म्हणून विनायक राऊत. प्रभूंसारखा अभ्यासू माणूस 2009 ला घरी बसवला आणि पाच वर्षांनी तोच राज्यसभेतून रेल्वेमंत्री झाला. मग शहाणपण नेमकं कुठल्या साली होतं?

मूळचा_वेंगुर्ल्याचा
बँकेच्या नोकरीने सोलापुरात आलो त्याला तीस वर्षं झाली, मुलं इथेच वाढली. तरी हे वाचून बोलावंच लागतंय.

1957 लाट, कबूल. 1962 ला कुठली लाट होती? महाराष्ट्र मिळाला होता, यशवंतरावांचं राज्य होतं, सगळे परत काँग्रेसकडे गेले. नाथ पै तरीही आले. 1967 ला पुन्हा. जानेवारी 1971 मध्ये ते गेले आणि दीड-दोन महिन्यांत निवडणूक. देशभर इंदिराबाईंची 'गरिबी हटाओ', आणि राजापूरने कुणाला दिलं? मधू दंडवतेंना, प्रजा समाजवादी पक्षाच्याच माणसाला. 1984 ला इंदिराबाईंच्या हत्येनंतर महाराष्ट्रात 48 पैकी 43 जागा काँग्रेसला गेल्या. उरलेल्या पाचांत राजापूर होतं. लाटेविरुद्ध पोहणं म्हणतात ते हेच ना?

माझी आजी निरक्षर. चिऱ्याच्या गडग्यावर चुन्याने झोपडी, म्हणजे नाथ पैंच्या पक्षाची निशाणी, रंगवलेली असायची, ती तिला कळायची. 1957 पासून तिचं मत झोपडीला. 1977 ला मतपत्रिकेवर झोपडी नव्हती, जनता पक्षाचा चक्रातला नांगरवाला होता. ती शिक्का हातात धरून तशीच उभी, आणि केंद्रातल्या माणसाला मोठ्याने विचारते, "झोपडी खंय गेली?" आत अख्खी रांग ऐकत होती. शेवटी मागच्या बाईने सांगितलं, "आये, दंडवत्यांचो आता नांगर." मग मारला. ती मत माणसाला देत होती, चिन्हाला नाही. याला वारं म्हणू नका, हात जोडून सांगतो.

कुर्डुवाडी_लाइन
दंडवते एकट्या कोकणाचे नाहीत हो. माझे वडील रेल्वेत. 8 मे 1974 ला संप सुरू झाला त्यात ते होते. त्यानंतरची तीन वर्षं त्यांनी बाजारात हमाली केली. मी तेव्हा चौथीत. 1977 ला दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात कमी केलेली माणसं परत घेतली. वडील कामावर रुजू व्हायला निघाले त्या दिवशी आईने ट्रंकेतून खाकी सदरा काढला. तीन वर्षांच्या घडीची रेघ इस्त्रीने गेलीच नाही. तसाच घालून गेले.

आणि रात्रीच्या गाडीत दुसऱ्या वर्गाची जी गादी आहे ना, तिथे आधी नुसती लाकडी फळी होती. दोन इंच फोम त्यांनी टाकायला लावला. सोलापूर-मुंबई करणाऱ्या प्रत्येकाची पाठ त्यांची देणेकरी आहे.

माढ्याची_लेक
दंडवते मूळचे नगरचे. मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. राजापूरने त्यांना 1971 ते 1989 पाचदा निवडून दिलं, 'उपरा' म्हटलं नाही. आणि आपल्याकडे? 2024 ला सोलापुरात सगळा प्रचार 'सोलापूरची लेक' विरुद्ध 'उपरा' यावरच झाला. पाण्यावर, सुतावर, विडीवर कोण बोललं? मी प्रणिती शिंदेंनाच मत दिलं, पण तो शब्द मला तेव्हाही खुपला.

जुनी_मिल
ताई, फरक आहे. दंडवते निवडून आल्यावर तिथल्या वाड्यावाड्यांत फिरले. आपल्या माढ्यात 2009 ला पवारसाहेब उभे राहिले, लोकांनी डोक्यावर घेतलं, 2014 ला ते राज्यसभेत गेले. माढेकरांच्या हातात काय राहिलं?

माढ्याची_लेक
माझ्या गावाबद्दल मला शिकवू नका. पवारसाहेबांचं नाव असल्यामुळे त्या पाच वर्षांत अधिकारी आमच्या फोनला उत्तर द्यायचे, हे मी घरात बघितलंय. आणि उपऱ्यांचा एवढा राग असेल तर पंढरपूरचं काय? आठवले सांगली जिल्ह्यातले, राजकारण मुंबईचं. पंढरपूरने 1999 आणि 2004 ला दोनदा पाठवलं. तेव्हा कुणी पत्ता विचारला होता?

पंढरीचा_वाटसरू
पंढरपूरचं नाव निघालंय तर माझं ऐका. राजापूर नकाशावरून गेलं म्हणून कोकणातली माणसं आजही हळहळतात. त्याच फेररचनेत आमचा पंढरपूर मतदारसंघ पुसला, माढा नावाचा नवा केला, आणि सोलापूर जिल्ह्यात कुणाच्या डोळ्यात पाणी नाही. विठोबाच्या नावाचा मतदारसंघ होता तो! आता पंढरपूर सोलापूरला जोडलंय. आमचे प्रश्न वारीचे, चंद्रभागेचे, ऊस आणि उजनीच्या पाळीचे. सोलापूर शहराला त्याचं काय पडलंय?

जुनी_मिल
उजनीचं नाव काढू नका. धरण भरलेलं असतानाही आमच्या नळाला पाच दिवसाआड पाणी, आणि पाळ्या तुमच्या उसाला.

पंढरीचा_वाटसरू
काय बोलालाव तुम्ही? धरणात जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांच्या. पाईपलाइन तुमच्या शहराला वेळेत टाकता आली नाही, त्याचा राग उसावर का काढता?

मूळचा_वेंगुर्ल्याचा
विषय राजापूरचा होता.

जुनी_मिल
राजापूरवरच येतो. तुम्ही 1991 टाळलंत. कोकण रेल्वेसाठी दंडवते सगळी हयात भांडले. 1990 ला अर्थमंत्री म्हणून त्यांनी पैशाची वाट काढली, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, महामंडळ उभं राहिलं, काम सुरू झालं. आणि पुढच्याच वर्षी तुम्ही त्यांना पाडलं. 26 जानेवारी 1998 ला सगळा मार्ग खुला झाला तेव्हा तुमचे खासदार दुसरेच होते. आमच्या सोलापूरला वाऱ्यावरचं म्हणणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

मूळचा_वेंगुर्ल्याचा
देतो. 1991 चं ओझं आम्ही वागवतोच. माझ्या वडिलांनी त्या निकालानंतर आठवडाभर पेपर उघडला नाही. पण कारणंही होती. समाजवाद्यांची जुनी फळी थकली होती. घराघरातला पोरगा मुंबईत लालबाग-परळला, आणि 1982 च्या संपानंतर गिरण्यांचा कणाच मोडला. गणपतीला चाकरमानी गावी यायचा तो शिवसेना घेऊन यायचा. दंडवत्यांचं संसदेतलं भाषण त्या बेकार पोराला काय देणार होतं? शहाणपण संपलं नाही, पोट आडवं आलं.

जुनी_मिल
बघा, तुमच्या पोराचं पोट, आणि आमचा मतदार मात्र अडाणी! आमच्याही गिरण्या बंद पडल्या. त्याच सोलापूरने आडम मास्तरांना तीनदा आमदार केलं, लाल बावट्यावर. आणि 2003 विसरलात? सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले म्हणून खासदारकीची जागा रिकामी झाली. मुख्यमंत्री आपल्या गावचा, आणि पोटनिवडणुकीत सोलापूरने भाजपचे प्रतापसिंह मोहिते-पाटील निवडून दिले. 2004 ला दिल्लीत काँग्रेस आली, इथे उज्ज्वलाताई शिंदे हरल्या, सुभाष देशमुख जिंकले. वारं बघणारा गाव असं करतो?

मूळचा_वेंगुर्ल्याचा
ते शहाणपण नव्हतं, काँग्रेसमधली पाडापाडी होती. मी तेव्हा इथेच होतो, चहाच्या टपरीवर कोण कुणाला आतून पाडतंय हे शेंबडं पोरही सांगायचं. 2014 ला केंद्रीय गृहमंत्री असताना शिंदे पडले ती तर सरळ लाटच.

जुनी_मिल
2014 लाट, मान्य. 2003 ला पाडापाडी होती, तेही अर्धं मान्य. पण मत शेवटी माणसंच टाकतात, गट नाही.

कुर्डुवाडी_लाइन
मग 1977 चं पण बोला. देशात जनता लाट, दंडवते बेंगळुरूच्या तुरुंगवासातून सुटून आलेले, राजापूरने निवडून दिले. सोलापूरने त्या साली काँग्रेसचे दमाणी पाठवले. आणीबाणीनंतर! माझ्या घरात हे अजून कुणी विसरलेलं नाही.

जुनी_मिल
त्याला माझ्याकडे उत्तर नाही. वडिलांचं वाचलं, वाईट वाटलं. 1977 तुमचं.

मूळचा_वेंगुर्ल्याचा
आणि राजभोजांचं 1952 चं मला खरंच माहीत नव्हतं. बाबासाहेब पडलेल्या निवडणुकीत त्यांचा माणूस सोलापुरातून गेला, हे इतकी वर्षं इथे राहून कुणी सांगितलं नाही. तेवढं तुम्हाला दिलं. 1962 आणि 1984 मात्र माझ्या आजीचे आहेत, ते देणार नाही.

जुनी_मिल
ठेवा आजीला. 1991 मी सोडत नाही, त्यावर उद्या लिहितो. आमच्या गल्लीत आज पाणी आहे, पहाटे चारला मोटर लावायचीय.