'प्रेरणा', 'सुचणं' की 'निमित्त'? गाण्यांच्या जन्मकथा लिहिताना कुठला शब्द?

गाण्यांमागच्या गोष्टींवर लिहितेय आणि एका शब्दावर अडकलेय. ब्रिटिश गिटारवादक-गायक एरिक क्लॅप्टनचा चार वर्षांचा मुलगा १९९१ मध्ये न्यूयॉर्कला ५३व्या मजल्यावरच्या खिडकीतून पडून गेला, 'टिअर्स इन हेवन' हे त्याचं गाणं त्यातून आलं. मी ड्राफ्टमध्ये 'मुलाच्या मृत्यूपासून प्रेरणा घेऊन' असं टाइप केलं आणि वाचून अंगावर काटा आला. असं कोणी म्हणतं का मराठीत? मग काय म्हणायचं?

— ताई, 'ईर्' धातूला 'प्र' लागून आलेला शब्द आहे, मूळ अर्थ हलवणं, ढकलणं, त्यात चांगलं-वाईट काहीच नाही. पण आता तो भाषणं, सत्कार, आदर्श यांच्याच संगतीत इतका वावरलाय की दुःखाशेजारी बसत नाही. वाल्मीकींचं बघा ना, क्रौंच पक्षी मारला गेला आणि शोकाचा श्लोक झाला असंच आपण म्हणतो, पारध्यापासून प्रेरणा घेतली असं कोणी म्हणत नाही!

— मला 'सुचणं' हा शब्द यात सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण 'मला सुचलं' म्हणताना मी कर्ता नसतोच, ते येतं आणि मी फक्त तिथे असतो. बीटल्स बँडच्या 'यस्टरडे' गाण्याची चाल त्यातल्या पॉल मॅकार्टनीला झोपेत सुचली, आणि ती इतकी तयार होती की ही दुसऱ्याच कुणाची तर नाही ना म्हणून तो कित्येक दिवस लोकांना विचारत फिरला, शब्द नव्हते तर 'स्क्रॅम्बल्ड एग्ज' म्हणून वेळ भागवली. १९६५ ला गाणं आलं. म्हणजे चाल सुचली आणि शब्द नंतर बसून रचले, दोन्हीला 'प्रेरणा' म्हटलं की हा फरकच पुसला जातो.

— 'निमित्त' पण घ्या यादीत. बीटल्समधल्याच जॉन लेननच्या छोट्या मुलाने, ज्युलियनने, शाळेतून एक चित्र आणलं, त्यावरून 'लूसी इन द स्काय विथ डायमंड्स' झालं, तिथे चित्र हे निमित्त. पण 'हे जूड' (१९६८) त्याच मुलाला उद्देशून आहे, आईवडील वेगळे होत होते म्हणून मॅकार्टनीने त्याला धीर द्यायला सुरू केलं, आधी 'जूल्स' होतं मग 'जूड' केलं. इथे तो मुलगा निमित्त नाही, गाणं त्याच्यासाठीच आहे.

— सावरकरांनी १९०९ मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर 'सागरा प्राण तळमळला' लिहिलं, तिथे मी 'तळमळ' सोडून दुसरा शब्द वापरूच शकत नाही, तो त्यांनी स्वतःच देऊन ठेवलाय.

— सगळ्यांचे आभार. 'मुलगा गेल्यावर क्लॅप्टनने हे गाणं केलं' एवढंच ठेवते. 'केलं' की 'लिहिलं'?

— 'केलं'च ठेवा. 'लिहिलं' म्हटलं की शब्द एकट्याचे वाटतात, आणि त्यात गीतकार विल जेनिंग्जचाही हात आहे.