जॅझ महोत्सवाआधी कोणते अल्बम ऐकू? मदत हवी आहे

पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच जॅझ महोत्सवाला जातेय. बिग बँड (मोठा वाद्यवृंद), पियानो ट्रिओ (पियानो, बेस, ड्रम्स) आणि बरेचसे सॅक्सोफोनवाले असा बेत आहे. त्या कलाकारांचे स्वतःचे अल्बम मी शोधून ऐकेनच. मला त्यामागची परंपरा कानावर घालायची आहे.

माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) पाठ झालाय. ब्रुबेकच्या ‘टाइम आउट’मधली पाच मात्रांची गंमतही कळली. ऑर्नेट कोलमनचा ‘फ्री जॅझ’ मात्र डोक्यावरून गेला, तो सुचवू नका! सध्या पियानोवादक बिल एव्हान्सचं न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधलं १९६१ चं रेकॉर्डिंग चालू आहे. त्यात बेस नुसता ठेका न धरता पियानोशी बोलतो, ते फार आवडलं.

शास्त्रीय संगीत ऐकायची सवय आहे, त्यामुळे लांबलचक वादनाचा कंटाळा येत नाही. प्लेलिस्ट नकोत, सलग ऐकायचे पूर्ण अल्बमच हवेत, आणि शक्यतो प्रेक्षकांसमोर वाजवलेले. गायनाचे सध्या नकोत.

अडलंय ते दोन ठिकाणी. ड्यूक एलिंग्टनच्या बिग बँडच्या ‘ॲट न्यूपोर्ट’ या १९५६ च्या अल्बममध्ये बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवलेला आहे म्हणतात, आणि १९९९ च्या आवृत्तीत मूळ मैफल आहे. बिग बँड समोर बसून ऐकण्याआधी यातली कोणती ऐकावी? आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची सुरुवात ‘जायंट स्टेप्स’ने करू की थेट ‘अ लव्ह सुप्रीम’ने?